हवेच्या पाईपावरचं फडकं

टाकीत उतरलेला माझा मुलगा ओ देत नव्हता.

मी झाकणाच्या चौकोनाजवळ उभी होते. आत अंधार होता आणि त्याच्या पाठीवरचा बनियन तेवढा दिसत होता. आत्ताच तर तो बोलला होता. "माय, सळई दे खाली," म्हणाला. मी दिली. त्याने ती गाळात दोनदा खुपसली, बुडबुडे आल्याचा आवाज मला वर ऐकू आला, आणि मग तो खाली बसला. मला वाटलं, थकून बसला. मी हाक मारली. पुन्हा मारली. बनियन हलला नाही.

सून पायरीवर पाण्याची बादली घेऊन उभी होती. तिने बादली टाकली, धावत आली आणि बसून दोन्ही पाय आत सोडले. मी तिची वेणी धरली आणि मागे ओढली. ती पाठीवर पडली तशी मी तिच्या मांड्यांवर बसले.

"सोडा मले आई! ते मरून राहिले ना तिकडं!"

"तू उतरली तं दोघंबी जाल. पडून राह्य."

तिने माझ्या दंडाला चावा घेतला. व्रण अजून आहे. मी उठले नाही. शेजारचा कंडक्टर मुलाच्या कमरेला बांधलेल्या दोरीचं दुसरं टोक धरून होता. एसटीतून रिटायर झालेला माणूस, त्याला सगळे कंडक्टरच म्हणतात. तो दोरी धरून नुसता आत पाहत होता. "कंडक्टर, ओढ," मी ओरडले. "पाहून काय राहिला? ओढ!"

ती दोरी कुठून आली आणि माझा मुलगा टाकीत कशाला उतरला, ते आधी सांगते.

आम्ही राहतो त्या जागेला डबे म्हणतात. अकोल्याहून मूर्तिजापूरकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला आहेत. हायवेचं काम चालू होतं तेव्हा मजुरांसाठी पत्र्याच्या खोल्या ट्रेलरवर घालून आणल्या होत्या. काम संपलं, मजूर गेले, खोल्या राहिल्या. त्याच सुमारास गावातली नाल्याकाठची आमची वस्ती उठवली आणि आम्हाला या खोल्यांत आणून टाकलं. दोन वर्षांपुरतं म्हणाले होते. हा आठवा पावसाळा आहे.

चोवीस डबे, बारा-बाराच्या दोन रांगा. प्रत्येक डबा सिमेंटच्या चार ठोकळ्यांवर ठेवलेला, दाराशी लोखंडी पायरी. उद्या क्रेन आली तर उचलून दुसरीकडे नेता येईल असं घर. त्यामुळे इथे कोणी झाड लावत नाही. जमिनीत पक्कं बांधलेलं एवढंच: दोन रांगांच्या मागे संडासाच्या दोन टाक्या. रांगेतल्या बारा घरांचं सगळं एका टाकीत जातं. गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी पाईपाने शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरतं. मुरायला पाहिजे.

आम्ही आलो ते एप्रिलमध्ये. तेव्हा टाकीचा काही त्रास नव्हता. बारा घरांच्या आंघोळी, धुणी, संडास, सगळं पाणी खड्ड्यात जायचं आणि दिसेनासं व्हायचं. टाक्या बांधणाऱ्या ठेकेदाराचा माणूस एकदा येऊन बघून गेला. म्हणाला, "लय पानी पिते हे जमीन. काळजी नाई आता." आम्हीही खूश झालो.

खरं म्हणजे आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं. माझा जन्म काळ्या मातीतला. उन्हाळ्यात ही माती फाटते, कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. पाणी मुरत नव्हतं, भेगांत पडत होतं. पावसाळ्यात हीच माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग वर पाणी साचतं ते साचतंच. वावरात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण वावरातली माती आणि संडासाखालची माती एकच, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

जुलैत पहिली झड लागली. तीन दिवस पाऊस हटला नाही. चौथ्या दिवशी सकाळी संडासाचं दार उघडलं तर भांडं काठोकाठ भरलेलं. बादली ओतली की पाणी खाली जायच्या ऐवजी वर यायचं आणि पाईपातून गुडगुड आवाज यायचा. तेव्हापासून दर पावसाळ्यात माझं पहिलं काम तेच आहे. उठायचं, दार थोडंसं उघडायचं आणि आत बघायचं. चहा त्याच्यानंतर.

हे लाजेचं बोलणं आहे, पण लिहायला बसले आहे तर लिहिते. पावसाळाभर आमच्याकडच्या बाया दुपारनंतर पाणी पीत नाहीत. भाकर अर्धी खातात. सून दालमिलमध्ये जाते, तिथे संडास आहे, म्हणून ती सुटीच्या दिवशीसुद्धा जाते. मी सत्तरी ओलांडलेली. मला तेवढं दाबून धरणं जमत नाही. रस्त्याच्या पलीकडे तुरीचं वावर आहे, पण पावसात त्या चिखलात बसले तर उठवायला दोन माणसं लागतात. म्हणून मी खाणंच कमी केलं. अमरावतीला माझी मुलगी क्लासच्या पोरींची मेस चालवते. ती फोनवर म्हणायची, "माय, तू इकडं ये, इथं फ्लॅट हाय." मी एकदा चार दिवस राहून आले. तिथे तिसऱ्या मजल्यावरून सगळं खाली कुठे जातं हे मी विचारलं तर ती म्हणाली, "मले काय मालूम?" मला तिथेही झोप लागली नाही.

आता पाईपाचं सांगते.

टाकीतला वायू जायला एक उंच पाईप असतो. आमच्या टाकीचा पाईप माझ्या डब्याच्या मागच्या खिडकीला लागून आहे. सडक्या अंड्यांसारखा वास. कढीला फोडणी दिली तरी तोच, उदबत्ती लावली तरी तोच. मागच्या वर्षी डेंग्यूच्या दिवसांत आरोग्यवाल्या दोन पोरी आल्या. पाईपातून डास येतात म्हणून त्याच्या तोंडाला जाळीचं कापड बांधा म्हणाल्या. माझ्याकडे जाळी नव्हती. मी विचार केला, जाळीने डास अडतील, वास कुठे अडणार? मग मी दुधाच्या दोन पिशव्या एकात एक घातल्या, मुलाला स्टुलावर चढवलं, त्या पाईपाच्या तोंडावर बसवायला लावल्या, वर जुन्या लुगड्याचं हिरवं फडकं घेतलं आणि तांब्याच्या तारेने आवळून घ्यायला लावलं. मुलगा वायरमन आहे. तार त्याच्या पिशवीतलीच.

वास गेला. खरंच गेला. मला एवढा आनंद झाला की मी चार घरी सांगत फिरले. "जाळीनं काय होते? पिशवी बांधा, पिशवी." दुसऱ्या रांगेतली प्लंबरची बायको येऊन पाहून गेली आणि त्यांनीही तसंच केलं. मी चौथी शिकलेली बाई, आरोग्यवाल्यांपेक्षा मला जास्त कळतं असं मला तेव्हा वाटत होतं.

यंदाच्या जुलैत नातीला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. हातपंप आमच्या रांगेच्या मागेच, शोषखड्ड्यापासून वीस पावलांवर. भेगांतून काय कुठे गेलं असेल, कोण सांगणार? आम्ही पाणी उकळतो, पण पोर खेळता खेळता पंपाला तोंड लावते. महिनाभर पडून राहिली. मग उठली. पण तिच्या बापाच्या डोक्यात ते बसलं. त्याचं बोलणं कमी झालं. संध्याकाळी कामावरून आला की टाकीच्या झाकणाशी जाऊन उभा राहायचा.

टाकी उपसायला टँकर बोलावला होता. रस्त्यावरून आत वळला आणि साठ-सत्तर पावलांवर मागची चाकं अर्धी चिखलात गेली. पाईप लांबवून पाहिला, टाकीपर्यंत पोचेना. शेवटी ट्रॅक्टर लावून टँकर ओढून काढला. ड्रायव्हर शिव्या देत गेला. "जमीन वाळली की फोन करा," म्हणाला. जमीन वाळणार दिवाळीला. भांडं भरत होतं रोज.

एका रविवारी सकाळी मुलगा म्हणाला, "मी उतरतो."

त्याचं म्हणणं असं की शोषखड्ड्याकडे जाणाऱ्या पाईपाचं तोंड आतून गाळाने बंद झालं असेल. वरचं पाणी मोटर लावून वावराच्या बांधाकडे काढायचं, आत उतरून तोंड मोकळं करायचं, अर्ध्या तासाचं काम.

मी नाही म्हटलं. माझ्या सासरी-माहेरी दोन्हीकडे मेलेली ढोरं ओढायचं काम होतं. दीक्षा घेतली त्या साली ते सोडलं. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची होते. बापाने दोऱ्या आणि काठ्या गावाबाहेर नेऊन जाळल्या. गावाने आम्हाला काम देणं बंद केलं, दोन वर्षं उपाशी काढली, पण पुन्हा हात लावला नाही. मग बाप विहिरी खणायला जाऊ लागला.

"तुह्या आज्यानं दुसऱ्याची घाण काढनं सोडलं," मी म्हटलं, "अन् तू टाकीत उतरतो?"

"दुसऱ्याची कुठं हाय माय? आपलीच हाय ना."



मग मी दोरीचा हट्ट धरला. बापाबरोबर विहिरीवर भाकर घेऊन जायचे तेव्हा एक पाहिलं होतं. बंद पडलेल्या विहिरीत एक माणूस गाळ काढायला उतरला आणि खाली निजल्यासारखा पडला. त्याचा भाऊ त्याला काढायला उतरला. तोही पडला. लोक बापाला म्हणाले, तू खणणारा आहेस, उतर. बाप उतरला नाही. त्याने कंदील सोडला, तो अर्ध्यावर विझला. लोक बापाला भेदरट म्हणाले, वर्षभर म्हणत राहिले. बाप घरी येऊन मला म्हणाला होता, खाली पडलेला माणूस दोरीनं काढायचा, माणसानं नाही.

म्हणून मी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडून आणली.

"माय, विहीर नाही हे. दीड पुरुष टाकी हाय," मुलगा हसला.

"बांध म्हनलं ना."

त्याने माझ्या समाधानासाठी कमरेला बांधली. काखेखालून बांधायला हवी होती. मी पाहिलं होतं आणि बोलले नाही, कारण एक ऐकलं हेच पुष्कळ होतं.

झाकण काढून तासभर झाला होता, वरचं पाणी मोटरने काढून झालं होतं. मी म्हटलं, कंदील सोडून पाहू. कंदील कोणाकडे नव्हता. मी म्हटलं, मग रॉकेलची चिमणी सोडू. तर कंडक्टर माझ्यावर ओरडला, "वयनी, काडी लावू नका बाप्पा! या टाकीतला गॅस पेट घेते, गोबरगॅससारखा. सारे डबे उडतीन!"

मी चिमणी ठेवून दिली. आजही मला याचं नवल वाटतं. पेट घेईल एवढा गॅस आत आहे हे आम्हाला कळत होतं, आणि त्यातच माणूस उतरवायचा हेही ठरलेलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच जागी उभे राहून बोललो आम्ही.

आणि तो उतरला. सळई मागितली. गाळ ढवळला. बसला.

कंडक्टरने दोरी ओढली. एकट्याने कुठे उचलतो? चार घरच्या बाया धावत आल्या. मी सुनेच्या अंगावरून उठले, कारण आता बाया आल्या होत्या, तिला धरायला हात होते. पण तिला धरावं लागलं नाही. तिने उठून सगळ्यांच्या पुढे दोरी धरली. दोरी कमरेला असल्याने तो दुमडून वर आला, पाठ आधी, आणि चौकोनात अडकला. झाकणाची जागा दोन फूट बाय दोन फूट. हात-पाय-डोकं सगळं खाली लोंबत होतं. ओढलं की कमर वर यायची आणि थांबायची.

"ढिल्ली सोडा, ढिल्ली सोडा," असं एक बाई ओरडत होती, आणि दुसरी "सोडू नका".

मी पोटावर पडले. श्वास कोंडून हात आत घातला. पहिल्यांदा कान हाती आला, मग केस. केस धरून डोकं चौकोनाकडे वळवलं. "आता थोडी सोडा," मी म्हणाले आणि त्यात मला एक श्वास घ्यावा लागला. तो श्वास मला अजून आठवतो. त्याला वास नव्हता. एवढी टाकी, आणि वास नाही. डोक्यात भणाण झालं. डोकं बाहेर आलं, मग एक खांदा. सुनेने काखेत हात घातला आणि पुढचं काम बायांनी केलं.

तो निळा पडला होता. तोंडातून फेस. कंडक्टरने त्याला कुशीवर केलं. सुनेने हातपंपाचं पाणी बादलीने त्याच्या अंगावर ओतलं. प्लंबरची बायको कांदा फोडून घेऊन आली. "हुंगवा, हुंगवा."

"त्याले मिरगी नाई आली बाई," मी म्हटलं.

"मंग चप्पल?"

मी तिला काय बोलले ते इथे लिहीत नाही. तेवढ्यात तो खोकला.

रस्त्यावरचा ऑटोवाला त्याला बघून म्हणाला, "सीट खराब होईन." कंडक्टरने आपल्या डब्यावरचं मेणकापड काढून सीटवर अंथरलं आणि त्याच्या शेजारी स्वतः बसला, त्या घाणीत, धुतलेल्या सदऱ्यानिशी. ऑटो दवाखान्यात जाईपर्यंत मी मुलाच्या नाकाखाली बोट धरून होते. बोटाला हवा लागायची, लागायची नाही, लागायची.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई पोरसवदा होती पण तिला सगळं माहीत होतं. म्हणाली, गाळ ढवळला की वायू एकदम सुटतो, तो जास्त असला की नाकाला वासही कळत नाही, आणि दोन श्वासांत माणूस पडतो. आणि मग विचारलं, "टाकीला हवा जायचा पाईप आहे ना?"

"आहे ना मॅडम. चांगला उंच आहे," कंडक्टर म्हणाला.

 सून माझ्याकडे बघत होती असं मला वाटलं. बघत नव्हती. ती ऑक्सिजनच्या नळीकडे बघत होती.

रात्रभर बाकावर बसून मी फक्त त्या फडक्याचा विचार केला. झाकण तासभर उघडं होतं, मग पाईपाने काय फरक पडला असता? सळईनेच वायू सुटला, ती मीच दिली होती. आणि पाईप वर्षभर बंद नसता तर आत एवढा साचला असता का? मला हे आजही माहीत नाही. विचारायला पाहिजे होतं, पण विचारलं असतं तर आधी सांगावं लागलं असतं.

सकाळी सुनेला तिथे ठेवून मी कपडे आणायला डब्यांवर आले. येऊन पाहते तर दुसऱ्या रांगेच्या टाकीचं झाकण काढलेलं. भोवती सात-आठ माणसं. प्लंबर हाफपँटवर, तोंडाला रुमाल बांधून, आणि रुमालाला कापूर लावलेला.

"काय करून राहिला रे?"

"पाईप मोकळा करतो आजी. आमचंबी भांडं भरलं."

"काल काय झालं ते पायलं नाई का तू?"

"पायलं ना. त्याले चक्कर आली. उपाशीपोटी उतरला होता तो, त्याच्या बायकोनंच सांगतलं. मी पोटभर खाऊन उतरून राहिलो. चार भाकरी, बेसन."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. रात्रीतून त्यांनी हे ठरवून टाकलं होतं. उपाशी होता म्हणून पडला. प्लंबरची बायको बाजूला उभी होती, तिच्या हातात दोरीसुद्धा नव्हती.

मी झाकण पायाने सरकवायला गेले, ते जड होतं, सरकलं नाही. म्हणून मी त्या चौकोनाच्या काठावर बसले, पाय बाहेर ठेवून, पाठ आतल्या बाजूला.

"आजी, उठा. पडान मांगं."

"पडू दे. मंग मले काढाले कोनी उतरू नका."

"बुढीच्या आंगात आलं," मागून कोणी म्हणालं. एक-दोघं हसले.

तेव्हा मी सांगितलं. मला मोठ्याने बोलायची सवय आहे, तसंच बोलले. म्हटलं, आमच्या पाईपावर पिशवी मी बांधायला लावली. वायू कोंडला तो मी कोंडला. तुमच्याही पाईपावर माझंच बघून बांधली आहे. वर पाहा. माझं पोर उपाशी होतं म्हणून नाही पडलं. उपाशी असो की जेवलेला, दोन श्वास पुरतात, डॉक्टरीण बोलली. कापराने काही होत नाही.

सगळ्यांनी वर पाहिलं. पाईपाच्या तोंडावर निळी पिशवी होती, तार आवळलेली. हसणं बंद झालं.

प्लंबर रुमाल खाली करून म्हणाला, "मंग पाईप खोलतो, दोन घंटे थांबतो अन् उतरतो."

"नाई," त्याची बायको म्हणाली.  "तू उतरशीन तं मी माह्या मायकडं चालली. आत्ता."

तो उतरला नाही. तिने स्टूल आणलं आणि विळ्याने तार कापली. वास असा आला की सगळे चार पावलं मागे सरले. मी घरी जाऊन आमचंही फडकं कापलं. लुगड्याचा काठ अजून चांगला होता. टाकून दिला.

पण टाक्या तशाच भरलेल्या होत्या. नुसतं उतरू नका म्हणून भागत नाही. भांडं रोज भरतं. दुपारी परत दवाखान्यात जाताना टँकर फसला होता ती जागा मी पाहिली. आणि मला स्वतःचीच चीड आली. पावसाळ्यात वावरात बैलगाडी फसली की आम्ही काय करतो? चाकांपुढे पऱ्हाट्या अंथरतो. कपाशी निघाली की उरलेली वाळकी झाडं, ती. प्रत्येक डब्यामागे आंघोळीचं पाणी तापवायला पऱ्हाट्यांचा ढीग ताडपत्रीखाली झाकून ठेवलेला आहे. चोवीस ढीग. टँकर फसला त्या दिवशी आम्ही सगळे तिथेच उभे होतो, शेतीतली माणसं, आणि एकालाही सुचलं नाही. टँकर दिसला की आमची अक्कल शहरातली होते.

बायांनी कुरकुर केली. "मंग पानी काहेवर तापवू?"

"थंड्या पान्यानं कोनी मरत नाई," मी म्हणाले.

दोन दिवस सगळे पऱ्हाट्या वाहत होते. रस्त्यापासून टाक्यांपर्यंत आडव्या, दाट, वरून टीनाचे जुने पत्रे. प्लंबर सगळ्यांच्या पुढे होता. त्याने टँकरवाल्याला फोन केला. ड्रायव्हर उतरून पायाने दाबून बघत बघत आला, आणि मग टँकर आणला. पऱ्हाट्या कडकड मोडत होत्या आणि प्रत्येक आवाजाला मी वाकून चाकांकडे बघत होते. टँकर फसला नाही. दोन्ही टाक्या वरूनच उपसल्या. आत कोणी उतरलं नाही.

मुलगा सहाव्या दिवशी घरी आला. त्याला मी फडक्याचं सांगितलं. दुसऱ्या कोणाकडून कळलेलं असणारच, पण मी सांगितलं.

"मंग आता काय करू?" तो म्हणाला. "पोलिसात देऊ तुले?" आणि खोकायला लागला.

 सुनेने माझा दंड ओढून चाव्याच्या जागी हळद लावली, जोरात.

तो खोकला अजून आहे. जिना चढला की त्याला धाप लागते, म्हणून उंचावरची वायरिंगची कामं तो घेत नाही. आणि त्याला वास येत नाही. डाळ करपली तरी कळत नाही. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, कदाचित नाही. सून म्हणते, डब्यांत राहणाऱ्याला हे बरंच आहे.

टाक्या पुन्हा भरत आहेत. पाईपावर आता जाळी आहे आणि वास येतो. वास आला की मला बरं वाटतं, नाही आला की उठून मागे जाऊन वर बघते. झड लागली की अजूनही आधी संडासाचं दार उघडून आत पाहते. दोन वर्षांपुरतं असं लिहिलेले कागद घेऊन मुलगा आणि कंडक्टर ऑफिसात जाऊन येतात. जागा बघणं चालू आहे असं त्यांना सांगतात. पऱ्हाट्यांचा एक ढीग आम्ही जाळत नाही, रस्त्याच्या तोंडाशी ठेवून दिला आहे.

यंदाच्या पावसाळ्यात डब्यांवरच्या माणसांपैकी टाकीत एकच उतरला, माझा मुलगा. तो जिवंत आहे.